चाळीस वेळा उरलेला दाणा

आधीच सांगते, यातलं काहीही मी रचलेलं नाही.

मला माहितेय, सगळेच असं म्हणतात. पण यातल्या दोघींना मी ओळखते. एक माझी सख्खी चुलत बहीण, मयुरा. दुसरी तिच्याच बाकावर बसायची, जिवली. आता नाही बसत.

आणि ज्यांना वाटतं की असलं सगळं अमावास्येच्या रात्रीच घडतं, त्यांची माफी मागते. रात्र नव्हतीच. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीतला शेवटचा शनिवार. ठिकाण, तलासरी तालुक्यातलं उधवा. वेळ, दुपारचे साडेबारा. ऊन असं लख्ख पडलेलं की दूरच्या झाडाची पानं मोजता आली असती.

मयुराने मोजलं. पण पानं नाही...

सुरुवात मात्र डहाणूजवळच्या आमच्या आगर गावात झाली, एका भाकरीवरून.

मयुरा तेव्हा नववीत. हुशार म्हणजे किती, तर गणिताच्या सरांची चूक फळ्यावर जाऊन पुसायची. वर बोलायला एकदम फटाका. जिवली अगदी उलटी. उधव्याची पोर, डहाणूला वसतिगृहात राहून शिकणारी, कमी बोलणारी. पण दोघींची जोडी अशी, की एकीला हाक मारली की दुसरी 'ओ' द्यायची. रविवारी जिवली आमच्या वाडीत यायची, दोघी चिकूच्या झाडाखाली अभ्यास करायच्या. म्हणजे चिकू खायच्या.

त्या रविवारी हिरकणीकाकूने, म्हणजे मयुराच्या आईने, नव्या तांदळाची भाकरी केली. मऊ, पांढरीशुभ्र. जिवलीने ताटातली भाकरी हळूच बाजूला सरकवली.

"काय गं जिवली, आवडली नाही?"

"तसं नाही काकू. तांदूळ नवा आहे ना... आमच्या घरी अजून देवाला दाखवला नाही. त्याच्या आधी खात नाही आम्ही."

मयुरा खी खी करून हसली. "देव काय मसाल्याच्या कंपनीत चव बघायला आहे का गं? आधी तो चाखणार, मग तुम्ही!"

"मयू!" काकू ओरडली.

जिवली चिडली नाही. तिला चिडताच यायचं नाही. एवढंच म्हणाली, "तो आहे मयू."

"कशावरून?"

"आजी विचारते. तो सांगतो."

"फोनवर?"

"तांदळावर."

मग जिवलीने सांगितलं. तिची आजी रखमी दाणे बघते. सुपात मूठभर तांदूळ घेते, प्रश्न विचारते, चिमूट उचलते आणि दाण्यांच्या जोड्या लावते. सगळ्या जोड्या लागल्या तर देवाचं उत्तर 'हो'. शेवटी एक दाणा उरला तर 'नाही'.

मयुराचे डोळे चमकले. ती चमक मी ओळखते. अशी चमकली की कोणाचं तरी काहीतरी मोडतं.

"अगं, हे तर नाणं उडवणं झालं! जोडी किंवा एकटा. निम्म्या वेळा हो, निम्म्या वेळा नाही. शंभर वेळा विचारलं तर पन्नासच्या आसपासच येणार. बघ, मी सिद्ध करते. विज्ञान प्रदर्शनाला हाच प्रकल्प. 'देव आहे का? एक प्रयोग.' विज्ञानाच्या बाई वेड्या होतील!"

"आणि नाही आलं निम्मं-निम्मं तर?"

"तर मी तुझ्या देवासमोर उठाबशा काढीन. आलं, तर तू नवी भाकरी आधी खायची. देवाला न दाखवता. चालेल?"

जिवलीने ताटातल्या भाकरीकडे एकदा बघितलं. मग तिने हात पुढे केला.

दोघींनी टाळी दिली. हसत दिली. मी तिथेच होते, चिकू सोलत. मीही हसले. ते हसू मला आता आवडत नाही.

* * *

तर तो शनिवार.

आगरहून डहाणू, डहाणूहून एसटीने तलासरी, तिथून शेअर जीप. जीपमध्ये मयुरा ड्रायव्हरच्या शेजारी बसून सारखी वही उघडत होती. तक्ता तयार होता. अनुक्रमांक, जोडी, एकटा. चाळीस ओळी आखलेल्या. शंभर वेळा बसायला वेळ नव्हता, संध्याकाळची बस गाठायची होती.

जिवलीचं घर कुडाचं, शेणाने सारवलेलं, आत थंडगार. मागे खळं. भात झोडून झालेलं, पेंढ्याचा मोठा ढीग. दारात जिवलीची मोठी बहीण जयवंती पाय पसरून बसलेली. सातवा महिना. पोट एवढं मोठं की मयुरा बघतच राहिली.

"दोन आहेत," जयवंती लाजून म्हणाली. "फोटोत दिसलं डॉक्टरीण बाईंना. दोघं समोरासमोर तोंड करून बसलेत, गप्पा मारत असल्यासारखे."

"आमच्यासारखे!" मयुरा म्हणाली. जिवली हसली.

रखमीआजी आतून आली. सुकलेल्या शेंगेसारखी बारीक. हातात सूप.

"ही कोण? वाडीवाली पोर? बस गे. बघायचं तर बघ. पण मध्ये नाय बोलायचं."

मयुराचं नशीब एवढं भारी की त्याच दिवशी आजी जयवंतीसाठी दाणे बघणार होती. मयुरा भिंतीला टेकून बसली. मनात म्हणाली, चला, आता नाटक.

पण नाटक झालंच नाही. आजी घुमली नाही, ओरडली नाही, केस मोकळे सोडले नाहीत. तिने सुपाच्या समोर, पलीकडच्या बाजूला, जमिनीवर हात फिरवून धूळ झटकली. पाहुणा येणार असला की आपण बसायची जागा झटकतो ना, तशी.

मग शेजारच्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "दोन जीव हायत. दोन्ही हाताला लागतील का?"

चिमूट उचलली. दाणे सुपात टाकले.

टप. टप. टप...

जोड्या लावल्या. एक. दोन. तीन. आठ जोड्या. उरलं काही नाही.

आजीचा सगळा चेहरा उजळला. जयवंतीने पोटावर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटले.

"झालं," आजी म्हणाली. "एकदा इचारलं. आता नाय इचारायचं."

मयुराला राहवलं नाही. "का आजी? परत विचारलं तर? खात्री करायला?"

आजीने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. लहान पोराने विळीला हात लावला की बघतात, तसं.

"इचारलं की तो येऊन बसतो, पोरी. सांगतो. परत इचारलं म्हणजे काय? तू खोटा, असंच ना? मग तो उठून जातो."

"मग?"

"मग जागा रिकामी नाय राहात."

मयुराच्या पाठीवर बारीक काटा आला. पण तिला तो आवडला. प्रकल्पात लिहायला छान होतं.

"आणि ह्याच दाण्यांना दुसरं काही विचारलं तर? वेगळाच प्रश्न?"

"दाण्यांना पहिलाच सवाल ठाऊक. पुढे काय बी इचार, जाब त्याच सवालाचा येतो. म्हणून तर वाहत्या पाण्यात सोडतात." आजीने दाणे पानात बांधले. "जिवले, ओहोळात सोडून ये."

"मी सोडते!" मयुरा टुणकन उठली. "मला बघायचाय ओहोळ."

आता इथे मी थांबते, कारण मयुरा मला हे सांगतानाही इथे थांबली होती.

तिने दाणे मुद्दाम ठेवले. कारण तुम्हाला काय वाटेल? खोडी? नाही. विज्ञान. बाईंनी शिकवलं होतं, प्रयोगात सगळं तेच ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची. तेच सूप, तेच दाणे, तीच जागा. फक्त विचारणारी वेगळी. तिच्या डोक्यात एवढंच होतं. ती ओहोळापर्यंत गेली, पान पाण्यात सोडलं.

रिकामं पान.

* * *

जिवली हंडा घेऊन हापशीवर गेली. जयवंती आडवी झाली. आजी चुलीशी. मयुराने सूप घेतलं आणि खळ्यात गेली, पेंढ्याच्या ढिगापाशी. पलीकडे कोणाचं तरी भात झोडणं चालू होतं. धप... धप... कोंबड्या कुरकुरत होत्या. कुठेतरी मोबाईलवर तारपा वाजत होता.

ती मांडी घालून बसली. समोरची जमीन आजीसारखी हाताने झटकली. गंमत म्हणून.

"देव आहे का?"

चिमूट. टप टप टप. जोड्या लावल्या.

एक उरला.

नाही.

तिने वहीत खूण केली. दाणे परत मिसळले.

"देव आहे का?"

एक उरला.

"देव आहे का?"

एक उरला.

पाच वेळा झालं. मयुरा खूश. असं होतं कधी कधी, नाणंही पाच वेळा एकाच बाजूने पडतं.

दहा वेळा झालं. ती जरा सरळ बसली.

चिमूट लहान घेतली. एक उरला. मोठी घेतली. एक उरला. डाव्या हाताने घेतली...

एक उरला.

सतराव्या वेळी तिच्या लक्षात आलं की काहीतरी बदललंय. काय, ते कळायला थोडा वेळ लागला.

झोडणं थांबलं होतं.

तारपाही थांबला होता. कोंबड्याही गप्प. त्या तिथेच होत्या, उन्हात, एक पाय वर घेऊन. पण आवाज नाही. एवढ्या मोठ्या दुपारी एकच आवाज उरला होता. सुपात पडणाऱ्या दाण्याचा.

टप.

कोणीही उठून गेलं असतं. मी तर जीप गाठली असती. पण मयुराला अर्धवट तक्ता सहन होत नाही. तिने वेगाने करायला घेतलं. पंचवीस. सव्वीस. एकोणतीस.

तिसाव्या वेळी तिने चिटिंग केली. मोजून दहा दाणे घेतले. एक, दोन, तीन... दहा. बोटाने सरकवत मोजले. सुपात टाकले. जोड्या लावल्या.

पाच जोड्या.

आणि एक दाणा.

तिने परत दहा मोजले. टाकले. अकरा.

ओठ हलत राहिले. देव आहे का, देव आहे का, देव आहे का. आता ती विचारत नव्हती, ते तिच्या तोंडून नुसतं येत होतं.

अडतीस.

एकोणचाळीस.

चाळिसाव्या वेळी तिने चिमूट उचलली. हात अजून सुपाच्या वर होता. बोटं मिटलेली होती.

टप.

दाणा पडला. तिच्या हातातून नाही...

तिने मान वर केली. समोर, जिथली जमीन तिने गंमत म्हणून झटकली होती, तिथे आता थोडा पेंढा पसरलेला होता. तो दबलेला होता. गोल. खोल. कोणीतरी मांडी घालून बसल्यावर दबतो, तसा.

आणि ती बघत असतानाच... तो आणखी थोडा दबला.

पुढे सरकून बसल्यासारखा.

मयुराने सूप उलटं केलं. दाणे पेंढ्यात सांडले. एक कोंबडी धावत आली, दाण्यांपाशी थांबली, मान वाकडी केली... आणि मागे मागे सरकत गेली. कोंबडी तांदूळ सोडून गेलेली तुम्ही कधी बघितलीय?

धप... धप... झोडणं परत सुरू झालं. तारपाही.

"मयू! झालं का गं?" जिवली हंडा घेऊन उभी होती. "काय आलं?"

मयुरा वहीकडे बघत राहिली. चाळीस खुणा, एकाखाली एक, सगळ्या एकाच रकान्यात. शेवटची कधी केली, ते तिला आठवेना.

"घरी जाऊन बेरीज करते," ती म्हणाली.

* * *

बेरीज कसली करायची होती!

तिने गणित मात्र केलं. चाळीस वेळा ओळीने एकटाच उरायची शक्यता किती? साधारण एक लाख कोटीत एक. ती वहीवर तो आकडा काढून बघत बसली. बारा शून्यं.

आणि तेव्हा तिला ते कळलं. मला सांगताना तिचे दात वाजत होते, म्हणून मी नीट सांगते.

चाळीस वेळा उत्तर आलं, देव नाही. पण कोणीच नसतं, तर उत्तर निम्म्या वेळा हो आलं असतं, निम्म्या वेळा नाही. दाणे नुसते पडले असते. चाळीसच्या चाळीस वेळा 'नाही' म्हणायला कोणीतरी लागतं.

म्हणजे तिथे कोणीतरी होतं. ऐकत होतं. मोजत होतं.

आणि ते देव नव्हतं.

हे प्रदर्शनात कसं मांडायचं? कोणीही म्हणालं असतं, पोरीने आकडे बनवले. म्हणून तिने खरोखरच बनवले. नवीन कागद घेतला, नवीन खुणा केल्या. बावीस वेळा एकटा, अठरा वेळा जोडी. दिसायला अगदी खरं. खाली लाल स्केचपेनने लिहिलं, 'निष्कर्ष : दाणे नियमाने पडतात. सांगणारं कोणी नाही.'

खरं पान तिने फाडलं आणि चुलीत घातलं.

डिसेंबरमध्ये तालुक्याचं प्रदर्शन झालं. मयुराने असं भाषण ठोकलं की परीक्षक माना डोलावत होते. "एवढ्या लहान वयात एवढी स्पष्ट बुद्धी!" पहिला नंबर. ढाल. फोटो.

जिवली सगळ्यात मागे उभी होती. तिने तक्ता नीट वाचला. दोनदा वाचला. मग त्या रविवारी आमच्या वाडीत आली, काकूच्या हातून भाकरी घेतली आणि तोडून तोंडात टाकली.

"तुमच्याकडे दाखवला का गं आता देवाला?" काकूने विचारलं.

"माहीत नाही काकू," ती म्हणाली. "मी घरी विचारलं नाही."

तिने भाकरी पूर्ण खाल्ली. डोळ्यांतून पाणी गळत होतं. पुसलंही नाही. मयुरा समोर बसली होती. एक शब्द बोलली असती तर...

नाही बोलली. ढाल कपाटावर होती.

पण त्या दिवसांत एक नवीनच सुरू झालं होतं. मयुराने ते तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

काकू विचारायची, "मयू, चहा घेतेस?" मयुराचं लक्ष नसायचं. काकू परत विचारायची, "मयू, चहा घेतेस का?"

टप.

सुपात दाणा पडल्याचा आवाज. घरात सूप कुठे आहे, हे काकूलाही आठवत नसेल.

वर्गात सर विचारायचे, "समजलं?" मग परत, "समजलं ना सगळ्यांना?"

टप.

एकदा विचारलं तर काही नाही. दुसऱ्यांदा विचारलं की लगेच. कानाच्या मागे, अगदी जवळ. मयुरा पहिल्याच हाकेला धावायला लागली. पहिल्याच प्रश्नाला उत्तर द्यायला लागली. हरिश्चंद्रकाका, म्हणजे मयुराचे वडील, कौतुकाने म्हणाले, "पोर सुधारली हो आमची."

* * *

जानेवारीत जयवंतीला कळा सुरू झाल्या. वेळेच्या थोडं आधी, पण डॉक्टर म्हणाले, जुळ्यांचं असंच असतं. दोन्ही ठोके छान आहेत. सगळं नीट होतं.

आधी मुलगी आली. रडली.

मग मुलगा आला.

तो रडला नाही.

वीस मिनिटं प्रयत्न केले म्हणे. शेवटपर्यंत ठोके होते, अगदी बाहेर येईपर्यंत. डॉक्टरांनाही सांगता येईना काय झालं. कोणाची चूक नव्हती. कागदावर काहीतरी लांब नाव लिहिलं.

मयुराला हे शाळेत कळलं. ती बाकावर बसून बोटांच्या जोड्या लावत होती.

दोन जीव. एक उरला.

दाण्यांना पहिलाच सवाल ठाऊक...

चाळीस वेळा तिला वाटलं होतं, ती देवाबद्दल विचारतेय. आणि चाळीस वेळा उत्तर जयवंतीच्या पोटाबद्दल येत होतं.

पंधरा दिवसांनी ती हरिश्चंद्रकाकांबरोबर उधव्याला गेली. तेव्हाही दुपारच होती. तेच ऊन.

रखमीआजी ओट्यावर बसली होती. सूप भिंतीला उलटं टांगलेलं. आजी आता दाणे बघत नव्हती. गावातलं कोणी आलं की हात हलवून परत पाठवायची.

"मी नीट इचारलं होतं," ती मयुराला म्हणाली. नमस्कार नाही, ये-बस नाही, एकदम हेच. "एकदाच इचारलं होतं. आठ जोड्या होत्या. तू बघितलंस ना, पोरी?"

"हो आजी."

"मग माझंच काय तरी चुकलं असंल." ती अंगणाकडे बघत राहिली. "लोक इचारतात, देव हाय कशावरून. मला कवा इचारावंच नाय लागलं. चुलीवर भात शिजत असला की घरात वास असतो ना, तसा तो होता. आता वास नाय. घर तेच हाय, भांडी तीच हायत. पण तो उठून गेलाय. गेला म्हणून कळतं, होता." मग तिने मयुराचा हात धरला. "दाणे तू पाण्यात सोडलेस ना?"

सांगायची वेळ हीच होती. आजीचं ओझं एका वाक्यात उतरलं असतं. म्हातारी मरेपर्यंत स्वतःला बोल लावणार होती, तो थांबला असता.

मयुराला भीती कशाची वाटली माहितेय? आजीच्या रागाची नाही. आजी परत विचारेल याची.

"हो आजी, सोडले," ती पटकन म्हणाली.

आजीने हात सोडला. परत विचारलं नाही.

आत झोळी बांधलेली होती, जयवंतीच्या जुन्या लुगड्याची. जयवंती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. जिवली झोळीची दोरी धरून बसली होती. शाळेत येत नव्हती पंधरा दिवस. तिचा चेहरा मोठ्या बाईसारखा झाला होता.

"ये मयू."

झोळीत पोरगी होती. इवलीशी, काळेभोर डोळे. एका कडेला सरकून झोपलेली.

"हिला मध्ये ठेवली तरी कडेलाच जाते," जिवली म्हणाली. "डॉक्टरीण म्हणाली, पोटात जागा कमी असते ना दोघांना, सवय असते तशी. जाईल."

मयुरा झोळीकडे बघत होती. पोरगी डाव्या कडेला. तिच्या वजनाने कापड तिथे खाली लोंबत होतं. बरोबर.

पण उजवीकडे...

उजवीकडे काहीच नव्हतं. आणि कापड तिथेही लोंबत होतं. तेवढंच. गोल. खोल.

पोरगी त्या बाजूला तोंड करून होती. समोरासमोर. ती हसली.

जागा रिकामी नाय राहात.

"मयू," जिवली हळू आवाजात म्हणाली. दोरी तिच्या हातात थांबली होती. "एक विचारू? त्या दिवशी दवाखान्यात सगळे हात जोडून उभे होते. आई, भाऊजी, सगळे. मी नाही जोडले. मला वाटलं, कोणी नाहीच तर कोणाला जोडायचे? तू सिद्ध केलं होतंस ना. तुझा तक्ता खरा होता ना?"

मयुराच्या तोंडात 'नाही' आलं होतं. अगदी जिभेवर. नाही जिवली, मी बनवला. नाही, तू जोडायला हवे होतेस. पण मग पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. सूप, दाणे, चाळीस वेळा, आणि ह्या झोळीत तुझ्या भाचीसमोर कोण आहे ते.

"हो," मयुरा म्हणाली. "खरा होता."

जिवलीने मान हलवली. झोळीला झोका दिला. करकर... करकर...

मग थांबली.

"नक्की ना?"

टप.

या वेळी कानामागे नाही. झोळीतून आला.

आणि या वेळी तो मयुराला एकटीला ऐकू आला नाही. जिवलीने झोळीत वाकून बघितलं. दोन बोटं आत घातली, उजव्या बाजूला, त्या खोलगट जागेत. बाहेर काढली.

बोटांत तांदळाचा एक दाणा होता.

ती त्या दाण्याकडे बघत राहिली. मग उलट्या टांगलेल्या सुपाकडे. मग मयुराकडे. तिला चिडता यायचं नाही, सांगितलं ना मी? त्या दिवशी आलं. पण ती ओरडली नाही. तिने फक्त पोरीला झोळीतून उचलून छातीशी धरलं आणि म्हणाली, "जा."

झोळी रिकामी झाली. हलायची थांबली.

उजवी बाजू तशीच लोंबत होती.

* * *

जिवली नंतर शाळेत आली नाही. तलासरीच्या शाळेत नाव घातलं म्हणतात. मयुराने दोनदा पत्र लिहिलं... नाही, एकदाच. दुसरं फाडून टाकलं.

ढाल अजून कपाटावर आहे. काकू दर आठवड्याला पुसते.

हे सगळं मयुराने मला या मे महिन्यात सांगितलं, वाडीत, चिकूच्या झाडाखाली, भर दुपारी. मी ऐकलं आणि मला ते खोटं वाटावं असं फार वाटलं. मी हसायचा प्रयत्न केला. म्हटलं, "मयू, खरंच झालं हे?"

"हो," ती म्हणाली.

वारा पडला होता. वाडीत माणसं बोलत होती, ती गप्प झाली. बहुतेक जेवायला गेली असतील. मयुरा माझ्या खांद्यावरून माझ्या मागे बघत होती, वाळलेल्या पानांकडे. तिचा चेहरा पांढराफटक होता. तिने माझ्या तोंडावर हात ठेवायला हात पुढे केला.

उशीर झाला होता. मी म्हणून गेले होते, "नाही पण, खरंच?"